इंग्लंडच्या समुद्रात बुडालेली ऐतिहासिक जहाजं: हौशी डायव्हरसाठी परवान्याची माहिती

इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या बहुतेक जहाजांवर उतरायला परवाना लागत नाही. तो लागतो 'प्रोटेक्शन ऑफ रेक्स ॲक्ट, 1973' खाली संरक्षित ठरलेल्या जागांवर. इंग्लंडमध्ये अशा 50 हून अधिक जागा आहेत. प्रत्येकीभोवती प्रतिबंधित क्षेत्र आखलेलं असतं. तिथे परवान्याशिवाय जहाज पाहायला उतरणंही गुन्हा आहे, मग एखादी वस्तू हलवणं तर दूरच.

परवान्याचे प्रकार चार: नुसतं पाहण्याचा, सर्वेक्षणाचा, तळावर उघड्या पडलेल्या वस्तू वर काढण्याचा आणि उत्खननाचा. अर्ज 'हिस्टॉरिक इंग्लंड' या इंग्लंडच्या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेकडे करायचा, फी नाही. पहिले दोन परवाने मन लावून अर्ज भरणाऱ्या कुठल्याही डायव्हिंग क्लबच्या आवाक्यातले आहेत. पुढचे दोन मात्र फार वेगळं प्रकरण आहे.

पात्रता. पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. डायव्हिंगचं प्रमाणपत्र आणि त्या खोलीचा, त्या पाण्याचा अनुभव हवा. नवख्यांनी स्वतःचा अर्ज करण्याच्या भानगडीत न पडता त्या जागेच्या परवानाधारकाशी संपर्क साधावा. हे परवानाधारक बरेचदा स्वतःच हौशी डायव्हर असतात, वर्षानुवर्षं एकाच जहाजाची राखण करतात, आणि मदतीचे हात त्यांना हवेच असतात. 1691 मध्ये प्लिमथजवळ बुडालेल्या 'कॉरोनेशन' या युद्धनौकेवर तर पाहुण्या डायव्हरसाठी खास मार्ग आखलेला आहे. सुरुवातीला असंच ठिकाण बरं. नॉटिकल आर्किऑलॉजी सोसायटी या सागरी पुरातत्त्वाच्या संस्थेचे अभ्यासक्रम सक्तीचे नाहीत, पण सर्वेक्षणात भाग घ्यायचा तर ते आधी करून टाकावेत.

कारण पाण्याखालचं मोजमाप वाटतं तितकं सरळ नाही. पक्क्या केलेल्या खुणेपासून जहाजाच्या लाकडी फासळीच्या कडेपर्यंत टेप ताणायची, आकडा प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलने लिहायचा, मग तीच कड दुसऱ्या खुणेपासून मोजायची. प्रवाहात टेपला पोट आलं की आकडा चुकतो. पायातला फिन तळाला लागला की गाळ उठतो आणि जोडीदाराला समोरची पाटीही दिसेनाशी होते. त्रिमितीय प्रतिकृतीसाठी फोटो काढताना प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा मोठा भाग यायला हवा, आणि मोजपट्टी चौकटीत हवीच.

कागदपत्रं. पाहण्याच्या परवान्याला अर्ज, डायव्हरची नावं आणि त्यांच्या अनुभवाची माहिती एवढ्यावर काम भागतं. सर्वेक्षणासाठी काय मोजणार, कशाने आणि कशासाठी, हे लिहून द्यावं लागतं. वस्तू काढायच्या किंवा खोदायचं असेल तर सविस्तर प्रकल्प आराखडा, जबाबदारी घेणारा पुरातत्त्वज्ञ, वस्तूंच्या जतनाची सोय, त्या शेवटी कुठल्या संग्रहालयात जाणार आणि खर्च कोण उचलणार, हे सगळं दाखवावं लागतं. क्रेन किंवा विंचने वस्तू उचलायची तर मरीन मॅनेजमेंट ऑर्गनायझेशन या समुद्रातल्या कामांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा वेगळा परवाना लागतो.

हा जाच उगाच नाही. समुद्रात शतकानुशतकं भिजलेल्या लाकडाच्या पेशी पाण्यानेच फुगून उभ्या असतात. ते वाळलं की आक्रसतं, तडकतं. लोखंडात मुरलेले क्षार हवा लागताच त्याचे पापुद्रे सोडवतात. 1982 मध्ये वर काढलेल्या 'मेरी रोझ' या आठव्या हेन्रीच्या युद्धनौकेवर मेणासारख्या रसायनाची फवारणी 2013 पर्यंत चालू होती.

वस्तू वर आणलीच तर. हा नियम संरक्षित जागांपुरता नाही, ब्रिटनच्या हद्दीतल्या कुठल्याही बुडालेल्या जहाजाला लागू आहे. 'रिसीव्हर ऑफ रेक' या अधिकाऱ्याला 28 दिवसांच्या आत कळवायचं. फॉर्ममध्ये जागा, खोली, तारीख, वस्तूचं वर्णन आणि फोटो द्यायचे. मूळ मालकाला दावा सांगायला एक वर्ष मिळतं. कोणी आलं नाही तर वस्तू राजसत्तेची होते, पण कळवणाऱ्याला बरेचदा मोबदला मिळतो, कधी वस्तूच मिळते. न कळवल्यास 2,500 पौंडांपर्यंत दंड, मोबदल्याचा हक्क बाद, आणि वस्तूच्या किमतीच्या दुप्पट भरपाईची टांगती तलवार. 2014 मध्ये केंटच्या दोन डायव्हरना वर्षानुवर्षं न कळवलेल्या वस्तूंपायी मोठा भुर्दंड बसला. त्या मालात कांस्याच्या तोफाही होत्या.

लष्करी अवशेष. इथे 1986 चा वेगळा कायदा आहे. 'संरक्षित स्थळ' असेल तर पाहा, हात लावू नका. 'नियंत्रित स्थळ' असेल तर संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय उतरायचंच नाही. स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमधली 'रॉयल ओक' ही युद्धनौका या दुसऱ्या वर्गात मोडते. लष्करी विमानांचे अवशेष तर आपोआप संरक्षित असतात, त्यासाठी वेगळी घोषणा लागत नाही.

स्कॉटलंडमध्ये 1973 च्या कायद्याऐवजी 2010 चा सागरी कायदा आणि त्याखालची संरक्षित सागरी क्षेत्रं चालतात, तर वेल्समध्ये 'कॅडू' या तिथल्या वारसा संस्थेकडे जावं लागतं. त्यामुळे बोट ठरवण्याआधी जहाज नेमकं कुठल्या पाण्यात आहे ते बघून घ्या.