पुण्याची शिळाछाप आणि आधुनिक चित्रकला: पार्श्वभूमी

आपल्याकडे आधुनिक चित्रकलेची गोष्ट बहुतेक वेळा 1947 पासून सांगायला घेतात. मुंबईचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, त्यातले सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. पण ही मंडळी ज्या रुचीशी भांडली, ती रुची मराठी घरांत आली कुठून? त्याचा माग काढत गेलं तर बराचसा रस्ता पुण्याच्या छापखान्यांतून जातो.

त्याआधी एक प्रयोग पेशवाईत झाला होता. 1790 च्या दशकात इंग्रजांचा पुण्यातला वकील, म्हणजे राजकीय प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट याने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा काढवली. शिकवायला जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार होता. तिथे तयार झालेल्या गंगाराम तांबटांनी वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. दूरची वस्तू लहान काढायची, एका बाजूने उजेड धरून छाया भरायची, हे पाश्चात्त्य तंत्र मराठी हाताने इथे उचललं. 1795 मध्ये सवाई माधवरावही गेले आणि वेल्सही. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात दिसणारी जुनी रीत, म्हणजे ठसठशीत रेषा आणि आत सपाट रंग, लोकांच्या डोळ्यांत राहिली ती राहिलीच.

खरा बदल 1878 मध्ये झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. पुढे वासुकाका जोशींनी तो सांभाळला. रामपंचायतन, नाना फडणवीस, पेशव्यांचा दरबार अशी रंगीत चित्रं इथून निघाली. देवाच्या तसबिरीशेजारी इतिहासपुरुष टांगण्याची सवय मराठी घरांना लावण्यात या कागदांचा मोठा वाटा आहे.

ही चित्रं शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली (लिथोग्राफ). तंत्र सेनेफेल्डर या जर्मन माणसाने 1796 च्या सुमारास शोधलं. ते समजून घेतल्याशिवाय चित्रांची शैली कळत नाही, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

लागतो तो बारीक कणाचा चुनखडीचा दगड. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा सर्वांत नावाजलेला. 50 बाय 70 सेंटिमीटरचा, 8 सेंटिमीटर जाडीचा दगड 70 किलोच्या पुढे भरतो. आधीचं चित्र वाळू आणि पाण्याने घासून काढतात. मग मेण, साबण, चरबी आणि काजळीच्या खडूने चित्र उलटं काढायचं. त्यावर डिंकाच्या पाण्यात नायट्रिक ॲसिड मिसळून लावतात. 30 मिलिलिटरला साधारण 5 ते 15 थेंब, खडूचं काम जितकं फिकं तितकं ॲसिड कमी. चरबीची जागा शाई धरते, ओली मोकळी जागा शाई झिडकारते. सगळा खेळ एवढाच. पण ॲसिड जास्त झालं तर गालावरची हलकी छाया जळून जाते आणि चेहरा पांढराफटक पडतो. कमी झालं, किंवा छापताना ओला स्पंज फिरवायला उशीर झाला, तर कोऱ्या भागावर शाईचा मळ चढतो.

रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. आधी बाह्यरेषेचा दगड, त्यावरून बाकीच्या दगडांवर खुणा. साधारणपणे फिके रंग आधी आणि गडद शेवटी. कागद दमट हवेत फुगतो आणि ज्या दिशेला तंतू आडवे, त्या दिशेला जास्त ताणतो. म्हणजे एक रंग कोरड्या दिवशी आणि दुसरा भर पावसाळ्यात छापला तर रजिस्टर, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, सुटणारच, आणि मिलिमीटरभर चुकलं तरी ओठ दुहेरी दिसतात. ठळक काळी बाह्यरेषा असली की ही चूक तिच्याखाली झाकली जाते. आमच्या मते जुनी रेषा छपाईत टिकून राहिली त्यामागे परंपरेइतकीच ही सोयही आहे.

राजा रविवर्म्याच्या छापखान्याने ही रेषा विरघळवली. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना नंतर पुणे जिल्ह्यातल्या मळवलीला आला. दगड जास्त, ठिपक्यांनी चढवलेल्या छटा, वरून व्हार्निश आणि कधी कॅनव्हासच्या विणीचा उठाव, असं केलं की कागद तैलचित्रासारखा भासतो. लक्ष्मी-सरस्वतीचे चेहरे इथे पक्के झाले ते कॅलेंडरांपर्यंत उतरले.

1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्येही अभ्यासाचा पाया याच वास्तवदर्शनाचा होता. बंगालमधून अवनींद्रनाथ ठाकुरांचं पुनरुज्जीवनवादी, म्हणजे जुन्या भारतीय शैलीकडे परतणारं, वळण आलं, त्याचा पडसाद मुंबईतही उमटला. प्रोग्रेसिव्हांना दोन्ही नको होतं. अभिव्यक्तिवादातून त्यांनी रंगाचा जोर घेतला, घनवादातून आकार फोडणं घेतलं. आणि गंमत अशी की हुसेनच्या चित्रांत जाड रेषा आणि सपाट रंग पुन्हा ऐटीत आले.

चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924–2001) यांनी आकृतीच सोडली. ते रूळ (रोलर) आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरवायची सुरी, यांनी रंगाचे पातळ थर देत, वर्तमानपत्राचे तुकडे दाबून रंग उचलत किंवा उमटवत. म्हणजे अमूर्त कॅनव्हासवरही रूळ, दाब आणि थर हे छपाईवाल्याच्या परिचयाचेच. फक्त छापायला चित्र नाही. त्यांच्या चित्राचा मोबाइलवरचा फोटो पाहून मत बनवू नये. थरांमधून येणारा उजेड फोटोत सपाट होतो.

पुढे चित्रकार अतुल डोडियांनी दुकानाच्या शटरवर कॅलेंडरातली महालक्ष्मी रंगवली. शटर वर सरकवलं की आत हुंड्यापायी जीव दिलेल्या बहिणी दिसतात. हे चित्र ज्याच्या घरात तशी तसबीर होती त्यालाच पुरतं लागतं.

मूळ छाप ओळखायची असेल तर बुधवारी किंवा रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात जाताना 10 पट मोठं दाखवणारं भिंग सोबत ठेवावं. शिळाछापात ठिपके हाताचे असतात, लहानमोठे आणि विस्कळीत. ठिपके ठरावीक अंतरावर, एकसारख्या जाळीत दिसले तर ती नंतरची, फोटोवरून यंत्राने छापलेली ऑफसेट प्रत समजावी. पिवळा पडलेला कागद लॅमिनेट करू नये, कागदातलं आम्ल आतच राहतं आणि प्लास्टिक पुन्हा सोडवता येत नाही. आम्लरहित पुठ्ठ्यावर, काच चित्राला चिकटणार नाही इतकं अंतर ठेवून फ्रेम करावी आणि ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये.