दगडफुलावर चरणारी वाळवी आणि बुरशी पिकवणारी वाळवी

गोड्या मसाल्याच्या सामानातलं दगडफूल एकदा नीट हातात घेऊन बघा. वरून राखाडी, खालून काळं, कडा झालरीसारख्या, चिमटीत धरलं की चुरा. ते फूल नव्हेच. बुरशी आणि तिच्या अंगात राहणारं शेवाळ, असा तो जोडसंसार आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला शैवाक म्हणतात, एरवी लायकेन. असलं काही खाणारी वाळवी असते म्हटलं की ऐकणारा हमखास विचारतो, "म्हणजे ती बुरशीची शेती करणारी ना?"

नाही, ती वेगळी. गोंधळ होतो खरा, कारण दोघींच्याही पोटात शेवटी बुरशीच जाते. दोघी एकाच मोठ्या कुळातल्या, आणि लाकूड पचवायला मदत करणारे जे आदिजीव इतर वाळव्यांच्या आतड्यात असतात, ते दोघींकडेही नाहीत. पण एक शेतकरीण आहे आणि दुसरी रानात चरायला जाते.

शेतकरीण आपल्या ओळखीची. शेताच्या बांधावर वारूळ उभारणारी ओडोन्टोटर्मिस ही तीच. वारूळ खणलं की आत मातीच्या पोकळीत भुरकट, सुरकुतलेलं, सोललेल्या अक्रोडासारखं पोळं सापडतं. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके असतात. वाळवी काडीकचरा, वाळकी पानं, लाकूड खाते. ते पोटातून अर्धवट पचून बाहेर पडतं आणि त्यातच बुरशीचे बीजाणू मिसळलेले असतात. त्याचं पोळं रचलं जातं. लाकडातला चिवट भाग मोडायचं काम मग बुरशी करते आणि वाळवी आयतं मऊ झालेलं खाते. टर्मिटोमायसिस नावाची ही बुरशी वाळवीच्या वारुळाबाहेर रानात स्वतंत्र वाढत नाही. सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत जमलेली ही जोडी अजून टिकून आहे. पावसाळ्यात वारुळावर छत्र्या उगवतात त्या हिच्याच. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भात सात्या. बाजारात त्यांचा भाव ऐकून घाम फुटतो, ते सोडा.

आता दुसरी. ईशान्य ब्राझीलमध्ये काटिंगा नावाचा काटेरी, कोरडा प्रदेश आहे. स्थानिक तुपी भाषेत नावाचा अर्थ पांढरं रान. कोरड्या हंगामात पानं गळून सगळी झाडं पांढुरकी दिसतात. तिथली कॉन्स्ट्रिक्टोटर्मिस सायफरगॅस्टर ही वाळवी झाडाच्या बुंध्यावरच घर बांधते. रात्र झाली की कामकऱ्यांची रांग उघड्यावरून निघते. दोन्ही बाजूंना सोंडेसारख्या तोंडाचे सैनिक उभे असतात. मुंगी जवळ आली की त्या सोंडेतून चिकट द्राव उडतो. सुकं लाकूड ती खातेच, शिवाय सालीला चिकटलेलं शैवाक खरवडते. हे आपल्या दगडफुलासारखं झालरीचं कमी, बहुतेक सालीवर रंग फासल्यासारखं पातळ.

कोरड्या रानात हा उपद्व्याप कशासाठी? सुक्या लाकडात नत्र जवळजवळ नसतंच. शैवाकात ते लाकडापेक्षा जास्त असतं, आणि काही शैवाकांतले निळे-हिरवे जिवाणू तर हवेतलं नत्र बांधून ठेवतात. भाकरीबरोबर डाळ मिळावी, तसं. शिवाय रात्रीच्या दवाने शैवाक ओलं, मऊ होतं. वाळवीही उन्हात सुकून मरते, म्हणून रात्रीच बाहेर पडते. दोघांच्या वेळा जुळतात, हा माझा अंदाज.

मात्र पोटभर शैवाकावरच जगणारी मंडळी बघायची तर ओल्या जंगलात जावं लागतं. श्रीलंका आणि आग्नेय आशियातली काळी हॉस्पिटॅलिटर्मिस मिरवणुकीसारखी रांग करून झाडाच्या शेंड्यापर्यंत जाते आणि शैवाकाचे गोळे जबड्यात धरून परतते. काटिंगातलीला ते जोडीचं खाणं.

खरा फरक पडतो तो वेळेत. शैवाक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. आज खरवडलेली साल लवकर भरून येत नाही, म्हणून नवं झाड शोधत फिरणं आलं. शेतकरणीचं पीक घरात, अंधारात, रोज नवं. तिला उघड्यावर जावं लागलं तरी ती डोक्यावर मातीचं छप्पर घेऊनच जाते. आणि एक गंमत: अमेरिका खंडात बुरशी पिकवणारी वाळवी मुळात नाहीच. तिथे ते काम पानं कापणाऱ्या मुंग्या करतात.

आपल्याकडे हा घोळ आंब्याच्या बुंध्यावर दिसतो. राखाडी-हिरवट चट्टे दिसले की लोक वाळवी लागली म्हणून गेरू-चुना काढतात. आधी नखाने बघा. मातीचा पापुद्रा असेल तर सहज उचकटतो आणि खाली फिक्या रंगाचे कामकरी सैरावैरा पळतात. शैवाकाचा चट्टा असेल तर थोडं पाणी लावून खरवडा. हिरवी रेघ उमटेल, आत राहणाऱ्या शेवाळाची.