रुळांपलीकडचे न्यूड बीच: कॅटलोनियातल्या जुन्या कटकटीची पार्श्वभूमी

स्पेनमधल्या कॅटलोनियात बार्सिलोनाहून किनाऱ्यावरच्या मातारो गावाकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उजवीकडची खिडकी मिळाली, तर बराच वेळ समुद्र सोबतीला असतो. इथल्या काही न्यूड बीचवर जायचं तर किनाऱ्यालगतचे रूळच ओलांडावे लागतात, ही जुनी कटकट. मातारोची ही रेल्वे २८ ऑक्टोबर १८४८ रोजी सुरू झाली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या साडेचार वर्षं आधी. क्यूबात रेल्वे पाहून आलेल्या मिकेल बियादा या व्यापाऱ्याने तिचा ध्यास घेतला होता. उद्घाटनाआधी काही महिने तो वारला. मार्ग किनाऱ्यालगत का नेला, हे उघड आहे: जमीन सपाट, चढ नाही. पुढे १८८१ मध्ये दक्षिणेला सिट्जेसमार्गे व्हिलानोवापर्यंत रूळ पडले, तेही गर्राफचे कडे पोखरत, समुद्राला बिलगून.

त्या काळी किनारा म्हणजे कोळ्यांची जागा. आंघोळीला येणाऱ्यांची गर्दी नंतरची. पण रुळांमुळे गावांबाहेरचे कितीतरी लहान किनारे मागच्या जमिनीपासून तुटले. गाडी नेता येत नाही, हॉटेल उभं राहत नाही. माझ्या मते नग्नस्नान करणाऱ्यांना असे किनारे सापडले ते याच आडोशामुळे. सिट्जेसजवळचा ‘होम मोर्त’ आणि आरेन्यस दे मारजवळची ‘मुस्क्लेरा’ ही त्यातली ओळखीची नावं. (होम मोर्त म्हणजे मेलेला माणूस. रेल्वेच्या संदर्भात नाव जरा अंगावर येतं खरं.)

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत उघड्यावर विवस्त्र होणं हा गुन्हाच होता. १९७५ मध्ये तो गेला आणि वातावरण सैलावलं, तरी ‘सार्वजनिक असभ्य वर्तना’चं कलम कायद्यातून गेलं ते १९८८ मध्ये. त्याच वर्षीच्या किनारा कायद्याने समुद्रकाठ सर्वांचा ठरवला आणि नागरी भागात पायवाटांमध्ये २०० मीटरपेक्षा जास्त अंतर नसावं असं सांगितलं. गोम इथेच आहे. हे किनारे गावाबाहेर. तिथे जायचा हक्क मिळाला, पण भुयारी मार्ग किंवा पूल मिळेलच याची हमी नाही.

मग लोक काय करतात? तेच, जे आपल्याकडे करतात. होम मोर्तला जाताना गोल्फ मैदान संपलं की कड्याची पायवाट लोहमार्गाच्या कडेने जाते, आणि चपला हातात घेतलेली माणसं सरळ रूळ ओलांडतात. विजेवरची गाडी फारसा आवाज करत नाही. जो होतो तो लाटांमध्ये विरतो. वळणावर किंवा बोगद्याच्या तोंडाशी ती दिसते तेव्हा हातात फार थोडा वेळ असतो.

या भीतीला २३ जून २०१० च्या रात्रीने धार आणली. सेंट जॉनच्या सणासाठी समुद्रावर निघालेले तरुण बार्सिलोनाजवळच्या कास्तेलदेफेल्सच्या स्थानकात उतरले आणि थेट रुळांवरून पलीकडे निघाले. न थांबता जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीने १२ जणांचा जीव घेतला. हा न्यूड बीच नव्हे, आणि तिथे भुयारी मार्ग होता. त्यामुळे ‘मार्ग द्या’ म्हणणाऱ्यांनाही ‘मार्ग असून लोक वापरत नाहीत’ हे उत्तर तयार मिळालं. पण स्थानकात निदान पर्याय होता. खडकाळ कोपऱ्यातल्या वाटेवर तोच नाही.

आता समुद्रही पुढे सरकतो आहे. जानेवारी २०२० मध्ये ‘ग्लोरिया’ वादळाने तोर्देरा नदीच्या मुखाजवळचा रेल्वेपूल पाडला. रेल्वेमार्ग डोंगराच्या बाजूला हलवण्याची मागणी जुनीच आहे, पण ती बहुतेक गावं आणि प्रवाशांच्या नावाने होते. वाळूची पट्टी जिथे आक्रसेल, तिथे चालणाऱ्याला रुळांकडे सरकण्यावाचून गत्यंतर नाही.