खांद्याएवढा गहू

नासपतीच्या झाडाखाली एक गडी पाय फाकवून गाढ झोपलाय. शेजारी बाकीची मंडळी पाव खाताहेत, वाडग्यातलं काहीतरी ओरपताहेत. पीटर ब्रूगेल (थोरला) या फ्लेमिश चित्रकाराचं ‘कापणी करणारे’ हे १५६५ सालचं चित्र सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अँटवर्पच्या एका व्यापाऱ्यासाठी त्याने ऋतूंची जी चित्रमालिका काढली, त्यातलं हे एक.

बघणाऱ्याची नजर आधी त्या झोपाळूवर जाते. पण जरा डावीकडे बघा. गव्हातल्या वाटेने एक माणूस हातात सुरया घेऊन वर येतोय, आणि दोन्ही बाजूंचं उभं पीक त्याच्या खांद्याला लागतंय. आजचा गहू सहसा कमरेपर्यंतच पोचतो!

चित्रकाराने हात सैल सोडला असेल का? शंका रास्त आहे. ब्रूगेलच्या आधी बॉशने माणसाहून मोठ्या स्ट्रॉबेऱ्या रंगवल्या होत्या, त्या कुणी पुरावा म्हणून धरणार नाही. पण ब्रूगेल कष्टाची कामं जवळून पाहून काढणारा. विळ्याचा लांब दांडा, बायका बांधताहेत त्या पेंढ्या, सगळं एकाच मापात बसतं. जुनी चित्रं अशी पिकांची नोंदवही म्हणून वाचता येतील, असं बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ ईव्ह द स्मेट आणि कला-इतिहासकार डेव्हिड व्हेरगाउवेन यांनी २०२० मध्ये मांडलं.

उंच काड तेव्हा शेतकऱ्याला हवंच होतं. छप्पर शाकारायला, गादीत भरायला, गुरांखाली अंथरायला. शिवाय उंच पीक तणाला सावलीत दाबून टाकतं. दोष होता तो एकच: रासायनिक खत भरपूर दिलं की ओंबी जड होते आणि उंच ताटं वाऱ्यापावसात लोळतात. सोळाव्या शतकात असं खतच नव्हतं. विसाव्या शतकात मात्र हीच मोठी अडचण झाली.

उत्तर जपानमधून आलं. ‘नोरिन १०’ हा बुटका वाण तिथे १९३५ मध्ये तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं बी अमेरिकेत आणि तिथून मेक्सिकोत गहू-संशोधक नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेलं. नोरिनच्या बुटकेपणाचं कोडं १९९९ मध्ये उलगडलं. रोपाच्या वाढीला एक प्रथिन ब्रेक लावून धरतं आणि जिबरेलिन हे संप्रेरक तो ब्रेक काढतं. नोरिनच्या जनुकांत असा बदल झालाय, की जिबरेलिन असूनही ब्रेक सुटत नाही. मग पेरं आखूड राहतात, ओंबी मात्र भरते. काडावर खर्च व्हायचं ते अन्न दाण्यात जातं. जुन्या वाणांत जमिनीवरच्या रोपाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा दाणा असायचा, नव्यांत तो निम्म्याच्या आसपास गेला. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं आणलं, ते याच कुळातलं. कल्याणसोना आणि सोनालिका हे आपले गाजलेले वाणही त्यातलेच.

पुन्हा चित्राकडे. झाडाखाली जेवणारी मंडळी चक्क पेंढ्यांवर बसली आहेत. आजच्या बुटक्या गव्हाच्या पेंढीवर इतकं ऐसपैस बसणं काही जमलं नसतं.