पार्श्वभूमी : समुद्री ऊर्जा, चुंबकीय गिअर आणि १०० चा आकडा

दाताला दात न लावता, चुंबकाच्या ओढीने टॉर्क (फिरवणारा जोर) पुढे देणारा गिअर म्हणजे चुंबकीय गिअर; तो १९०१ च्या एका अमेरिकी पेटंटात आहे. १९४१ च्या पेटंटात कायम चुंबक वापरले, पण चाकं शेजारी शेजारी होती. समोरासमोर आलेले दोन-चार चुंबक ओढायचे, बाकीचे रिकामे फिरायचे. कायम चुंबकांसह एकाच अक्षावर सगळे भाग बसवण्याची रचना १९६० च्या दशकाअखेर पेटंट झाली. तिला साजेसे ताकदवान निओडिमियम चुंबक मात्र १९८० च्या दशकात मिळाले.

खरी सुरुवात २००१ च्या एका शोधनिबंधाने झाली. आत ४ ध्रुवजोड्यांचा (उत्तर-दक्षिण चुंबकध्रुवांच्या जोड्यांचा) रोटर, म्हणजे फिरणारा भाग, बाहेर २३ जोड्यांचं कडं आणि मधे २७ लोखंडी पट्ट्या, असा गिअर डोळ्यांसमोर आणा. पट्ट्या आतलं क्षेत्र असं वळवतात की बाहेरच्या कड्याला त्यात आपल्या २३ जोड्या सापडतात. पट्ट्या स्थिर ठेवल्या तर गुणोत्तर ५.७५ येतं, म्हणजे बाहेरच्या कड्याच्या एका फेऱ्यात आतला रोटर ५.७५ फेरे घेतो. बाहेर २२ आणि मधे २६ घेतल्या तर सुटसुटीत ५.५ मिळतं, पण टॉर्कला जास्त हिसके बसतात. म्हणून जाणकार ते ओबडधोबड ५.७५ च पसंत करतात.

समुद्राला याची गरज का पडली, ते वेगावरून कळतं. भरती-ओहोटीवरचं मोठं टर्बाइन मिनिटाला दहा-पंधरा फेरे घेतं. मोठी लाट साधारण दहा सेकंदांनी येते. आटोपशीर जनित्राला मात्र याहून बराच जास्त वेग लागतो. उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्ड लॉक खाडीत २००८ साली बसवलेल्या १.२ मेगावॅटच्या यंत्रात दातांचा गिअरबॉक्स होता. त्याआधी २००४ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ लाटांवरचं एक यंत्र गिअरशिवाय, थेट सरळरेषीय (फिरण्याऐवजी मागे-पुढे सरकणाऱ्या) जनित्राने चालवून पाहिलं. पहिल्या मार्गात झीज आणि वंगण, दुसऱ्यात अवाढव्य जनित्र. भर प्रवाहात दुरुस्ती करायची तर पाणी थबकतं तेवढाच वेळ हाती असतो, म्हणून न झिजणाऱ्या गिअरचं आकर्षण साहजिक आहे. २००५ मध्ये त्याचा सरळरेषीय प्रकारही मांडला गेला.

वाद आहे तो ‘टॉर्क घनता’ या शब्दाचा. २००१ च्या निबंधाने दर घनमीटरला १०० किलोन्यूटन-मीटरपेक्षा जास्त टॉर्क शक्य असल्याचं मांडलं आणि तो आकडा तेव्हापासून सर्रास उद्धृत होतो. पण घनमीटर कशाचा? बहुतेक वेळा फक्त चुंबक आणि लोखंड असलेल्या भागाचा. बेअरिंग, टोकाच्या तबकड्या, खाऱ्या पाण्यापासून वाचवणारं आवरण यांचा नाही. द्विमितीय गणितात टोकाकडून निसटणारं क्षेत्र दिसत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष यंत्र कागदापेक्षा कमी टॉर्क देतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो टॉर्क कमाल असतो, त्याच्या पुढे गिअर घसरतो. घसरला तरी काही मोडत नाही, हा गुण म्हणून सांगितला जातो आणि एका अर्थी तो आहेही. पण समुद्रात घसरलेल्या क्षणी टर्बाइनवरचा भार नाहीसा होतो, पाणी त्याला ढकलतच राहतं आणि वेग वाढला की पकड आपोआप परत येत नाही. लाटेचा झटका सरासरीच्या कित्येक पट असू शकतो, म्हणून गिअर त्या झटक्याच्या मापाने बांधावा लागतो. समुद्रासाठीची तुलना कमाल आकड्यावर करणं मला चुकीचंच वाटतं. नेहमीच्या भाराचा आकडा सांगावा आणि आवरणासकट सांगावा.

२०१०-११ मध्ये निओडिमियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंचे भाव भडकले तेव्हा फेराइटकडे, म्हणजे हे धातू न लागणाऱ्या स्वस्त चुंबकांकडे, पुन्हा लक्ष गेलं; त्याचं क्षेत्र निओडिमियमच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढं, म्हणजे यंत्र आणखी मोठं. दरम्यान गिअर आणि जनित्र एकाच कवचात बसवण्याची रचना पुढे आली. तिच्यात बाहेरचे चुंबक स्थिर राहतात आणि टर्बाइनचा दांडा पट्ट्यांनाच फिरवतो. टर्बाइनचा सगळा टॉर्क दोन्ही बाजूंना हवेची फट असलेल्या त्या बारीक पट्ट्यांवर येतो. त्यांना धातूच्या चौकटीत घट्ट बसवलं तर बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे चौकटीत भोवरा-प्रवाह (धातूत गोल फिरणारे विजेचे प्रवाह) वाहून ऊर्जा वाया जाते. राळेत बसवलं तर त्या वाकून चुंबकाला घासण्याची भीती. मोठ्या व्यासाच्या यंत्रांत सध्या डोकं खपतंय ते या पट्ट्यांवरच.