चलच्चित्रकथन, प्राथमिक शाळेतील

वस्तू किंवा चित्र थोडेथोडे सरकवत, दर वेळी एक छायाचित्र घेऊन हलती गोष्ट रचण्याची वर्गकृती. शिक्षकांत ‘स्टॉप मोशन’ हे नाव अधिक रूढ आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांना ती जमते. त्याहून लहानांना भराभर पाने उलटून पाहायची चित्रवही पुरते.

स्थिर चित्रांची मालिका हलती का दिसते, याविषयी मतभेद आहेत. ‘दृष्टिसातत्य’, म्हणजे प्रतिमा डोळ्यात क्षणभर रेंगाळणे, हे जुने स्पष्टीकरण अजूनही वर्गात सांगितले जाते. दोऱ्यावर फिरणाऱ्या थॉमट्रोप या चकतीला (सु. १८२५, श्रेय बहुधा जॉन एअर्टन पॅरिस या वैद्याला, परंतु इतरांचेही दावे आहेत) ते बऱ्यापैकी लागू पडते. एका बाजूचा पक्षी दुसऱ्या बाजूच्या पिंजऱ्यात बसलेला दिसतो. मात्र तो उडत नाही. प्रतिमा नुसत्या रेंगाळल्या असत्या, तर चित्रवहीतील चित्रे एकमेकींवर चढून धूसर झाली असती. मानसशास्त्रज्ञ माक्स व्हेर्टहायमर यांचे आभासी गतीवरील (स्थिर चित्रे हलती भासण्यावरील) प्रयोग १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर गती मेंदू जुळवतो, हे मत अधिक ग्राह्य ठरले. हा भेद मुलांच्या हाती यावा म्हणून चकती आणि चित्रवही दोन्ही करून घेणे इष्ट. चित्रवहीचे पेटंट जॉन बार्न्स लिनेट यांनी १८६८ मध्ये घेतले. महाराष्ट्रात कल्याणच्या पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ (जादूचा कंदील) दाखवून काचेवरील चित्रांतून गोष्टी सांगितल्या. दादासाहेब फाळके यांनी सु. १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट (स्थिर छायाचित्र) घेऊन टिपली.

नागपुरात या कृतीसाठी तान्ह्या पोळ्याचा (मुलांच्या पोळ्याचा) लाकडी बैल फार सोयीचा. त्याला चाके असतात, तोल जात नाही, आणि तो पुष्कळ घरांत असतो. (या सणाच्या प्रारंभाचे श्रेय परंपरेने रघूजी भोसले, दुसरे, यांना देतात.) सेकंदाला ८ छायाचित्रे धरली तर १० सेकंदांच्या गोष्टीला ८० लागतात. दर वेळी बैल १ सेंमी. सरकवला तर एकूण वाट ८० सेंमी. होते, म्हणजे एक टेबल पुरते. ३ सेंमी. सरकवल्यास बैल चालण्याऐवजी उड्या मारतो. निघताना आणि थांबताना तीन-चार चौकटी अर्धा सेंमी. ठेवाव्यात.

चौघांचा गट करावा : एक सरकवणारा, एक टिपणारा, एक मोजणारा आणि एक ‘हात बाहेर’ म्हणून ओरडणारा. हा चौथा नसला की निम्म्या चौकटींत बोटे येतात. फोन दोन विटांच्या मध्ये घट्ट बसवून फोकस व प्रकाश ‘लॉक’ करावा. एरवी ढग सरकताच चित्र लुकलुकते. खिडकी झाकून दोन बल्ब लावणे बरे. पांढऱ्या गणवेशाचा उजेडही टेबलावर पडतो, म्हणून टिपताना सर्वांनी मागे सरावे. पंखा कागदी बाहुल्या हलवतो, तेव्हा तो बंद हवा. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात मग मुलेही थकतात आणि बाहुल्यांची तेलाची रंगीत मातीही. मातीचे पाय वाकू नयेत म्हणून आत तार घालावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोपा.

कॅमेऱ्याआधी कथाफलक (‘स्टोरीबोर्ड’) व्हायलाच हवा : सहा चौकोन, प्रत्येकात एकच क्रियापद. ‘बैल रुसला’ टिपता येत नाही. ‘बैलाने पाठ फिरवली’ टिपता येते. मारबतीच्या (पोळ्याच्या सुमारास नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीतील ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळीवरून मुले स्वतःची पिडा निवडतात, आणि गोष्टीला शेवट आयताच मिळतो. आवाज चित्रानंतर वेगळा घ्यावा. १० सेकंदांत वीसेक शब्द बसतात. ते घरच्या बोलीत असावेत. ‘कुठी गेला होता बे?’ हे प्रमाण मराठीत बदलून घेतले की मूल वाचल्यासारखे बोलू लागते.