स्कॅनरचा कोड आणि टर्बोचा खर्च
‘जुन्या डिझेल गाडीला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लावा, मोबाइलवर कोड येईल तो भाग बदला, काम झाले’ असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. प्रत्यक्षात स्कॅनर गाडीच्या संगणकातून वाचतो तो बिघाडाचा कोड खराब भागाचे नाव सांगत नाही. अपेक्षित आणि मोजलेल्या आकड्यांत तफावत कोठे पडली, एवढेच तो सांगतो.

उदाहरणार्थ, पी०२९९ हा कोड म्हणजे टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब कमी पडला, इतकेच. तो इंटरकूलरच्या (ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) फाटलेल्या होजमुळे म्हणजे रबरी नळीमुळे, टर्बो नियंत्रित करणाऱ्या व्हॅक्यूमच्या चिरलेल्या नळीमुळे किंवा खुद्द टर्बोमुळेही पडू शकतो, म्हणून पुण्यात सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत, टर्बोची किंमत विचारण्यापूर्वी थोडे थांबावे, असे मला मनापासून वाटते.

इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करून, अ‍ॅपमध्ये दिसत असल्यास, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब पाहावा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने तो ९५ किलोपास्कलच्या आसपास हवा. आकडा फारच वेगळा असेल, तर संशय आधी सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर घ्यावा. आकडा बरोबर असेल, तर होजचे जोड हाताने चाचपावेत. जेथे तेलकट काळा ओलावा बोटाला लागतो, तेथे गळतीची शक्यता अधिक असते. तोवर कोड पुसू नये, कारण बिघाडाच्या क्षणी साठवलेले वेग आणि तापमानाचे आकडेही त्याबरोबर पुसले जातात.